कोरमपायी

नाना, थकले हो मी. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे काही कमीजास्त लिहिलं गेलं तर बाईंचं डोकं ठिकाणावर नव्हतं असं समजून सोडून द्याल. काल रविवारी वाचनालयाची सभा झाली. आज सकाळपासून उठायचंही जिवावर आलंय, तरी बसलेय लिहायला. इतकी वर्षं सभेत काय झालं ते तुम्ही तपासल्याशिवाय पुढे गेलं नाही. सवय कशी जाईल? अजून तुमचं तेरावंही व्हायचंय.

लोक माझ्याकडे श्रद्धांजलीचा लेख मागतायत. जिल्ह्याच्या पेपरला द्यायचाय म्हणे. जन्म अमुक, शिक्षण तमुक, धुळ्याच्या कोर्टात वकिली, मग गिरणेकाठच्या आपल्या गावी परत, वाचनालयाचे अध्यक्ष. ते लिहील दुसरं कोणीतरी. मला तुमच्याशी भांडायचंय. चांगलं रंगात आलेलं भांडण अर्धवट टाकून निघून गेलात, हे वकिलाला शोभतं का?

मला कार्यकारी मंडळात घेतलंत तेव्हा गावात काय कुजबुज झाली होती! मुलींच्या शाळेतली मराठी-संस्कृतची बाई, ती पुरुषांच्या सभेत करणार काय? तुम्ही शांतपणे म्हणालात, "इतिवृत्त शुद्ध लिहील." झालं. मी सहकार्यवाह झाले. पहिल्या वार्षिक सभेला मी जरीकाठाची साडी नेसून पाचच्या आधी हजर. बघते तो काय, सभागृहात तुम्ही, उपाध्यक्ष शेठजी आणि सतरंज्यांचा ढीग. पाच वाजले. तुम्ही उभे राहिलात, रिकाम्या सतरंज्यांना नमस्कार केलात आणि खणखणीत आवाजात म्हणालात, "कोरम नाही. सभा अर्धा तास तहकूब." मग खाली बसून खिशातले शेंगदाणे काढून सोलायला लागलात.

मला वाटलं, म्हातारा कामातून गेला. मग कळलं की तशीच रीत आहे. निर्णय पक्का ठरायला आपल्या घटनेप्रमाणे निदान पंचवीस सभासद हजर हवेत, तो कोरम. तेवढे नसले की सभा अर्धा तास तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा घ्यायची. त्या सभेला कोरमची गरज नाही. मग चार टाळकी असली तरी ठराव पास. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे पाचच्या सभेला माणूस साडेपाचला येणार, तोही चहाच्या वासावर. आणि त्या दूरदर्शनने रविवारी सिनेमा दाखवायला सुरुवात केल्यापासून तर आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

पण खरं सांगू? तहकुबीचे ते अर्धे अर्धे तास माझ्या आयुष्यातले फार चांगले गेले. त्या अर्ध्या तासांत मी लॅटिन शिकले. कायदा शिकताना तुम्ही पुण्यात कुणा म्हाताऱ्या पाद्र्याकडे लॅटिन गिरवायला जायचात, ते सगळं डोक्यात साठवून खानदेशात घेऊन आलात आणि इथे गिऱ्हाईक मिळेना. मी सापडले. "संस्कृत शिकवता ना बाई? मग म्हणा, यः, यस्य, येषाम्." मी म्हटलं. "आता माझं ऐका. क्वि म्हणजे जो, क्वे म्हणजे जी, क्वोद म्हणजे जे. षष्ठीचं एकवचन कुयुस, तिन्ही लिंगांना एकच. अनेकवचनाला मात्र फाटे फुटतात. पुरुषांचं क्वोरुम, बायकांचं क्वारुम, आणि नपुंसकाचं पुन्हा क्वोरुम. क्वोरुम म्हणजे आपलं येषाम्, ज्यांचं, ज्यांच्यापैकी. तोच हा कोरम!"

मी कसली ऐकून घेते. म्हटलं, येषाम् असेल तर तो 'य'ने का सुरू होत नाही? तुमचे डोळे असे चमकले! शेंगदाण्यांची टरफलं बाजूला सारलीत. संस्कृतातले कः, कस्य, केषाम् हे त्याचे खरे भाऊबंद. लॅटिनने प्रश्न विचारायचा शब्दच 'जो'च्या कामाला जुंपला, असं म्हणालात. मग सतरंजीवर बोटाने सगळी विभक्ती रेघारेघांनी लिहून दाखवलीत. क्वेम, क्वाम, क्वोस, क्वास, क्विबुस. शेठजी घोरत होते.

"म्हणजे एखाद्या सभेला नुसत्या बायकाच आल्या तर क्वारम म्हणायचं की काय?" मी विचारलं होतं.

"आल्या तर! तुम्ही आणाच, बाई. मी त्याच दिवशी घटनादुरुस्ती करतो."

नुसतं बोलून थांबला नाहीत. दुपारी दोन ते चार पुढची खोली बायकांसाठी ठेवायची हा ठराव तुम्हीच मांडलात. पहिले कितीतरी दिवस कोणी आलं नाही. मी एकटीच मासिकं चाळत बसायची. मग एकेक जण यायला लागली, भाजी निवडता निवडता गोष्ट वाचून घेणारी, डोक्यावरचा पदर न सोडता पेपरचं पहिलं पान वाचणारी. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात ती पद्धतच नव्हती. आज मानते. हसू नका.

एकदा मी कोरमचं अनेकवचन काय होतं ते विचारलं तर खो खो हसलात. "तो जन्मतःच अनेकवचनी आहे बाई, त्याला आणखी किती माणसं जमवायला लावता?" आणि तो बसचा किस्सा! ओम्निबुस म्हणजे सर्वांसाठी, चतुर्थीचं अनेकवचन. लोकांनी पुढचं सगळं धड टाकून दिलं आणि प्रत्ययाची शेपटी तेवढी ठेवली, तिच्यात बसून आपण भडगावला जातो, असं तुम्ही सांगत होतात. तुमचे बालमित्र आबा, पलीकडच्या खेड्यावरचे, त्या दिवशी लवकर आले होते. ते म्हणाले, "म्हंजे बठ्ठासाठे ना? मंग मन्हा गावले काब्र थांबत नही?" तुम्ही शेंगदाण्यांची मूठ त्यांच्यापुढे केलीत. वकील हरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

असो. भांडणाकडे येते.

छपराचं तुम्हाला काय सांगायचं. गेल्या पावसाळ्यात पत्र्यांतून धार लागली आणि दोन कपाटं भिजली. पुस्तकं मी आणि त्या दुपारच्या बायकांनी दोरीवर वाळत घातली, पानांचे फुगून पापड झाले. मग कंत्राटदाराची गोष्ट आली. रस्त्याकडची पुढची खोली त्याला दुकानांसाठी द्यायची, बदल्यात तो मागे सगळीकडे स्लॅब टाकून देणार. खोली जाणार म्हणून मला कमी वाईट वाटलं का? माझ्या बायका तिथेच बसायच्या. पण छप्पर नाही तर वाचनालय नाही. तुम्हालाही पटलं होतं, मलाही, शेठजींना तर होतंच होतं. मग घोडं अडलं कुठे? तुमच्या कोरमपाशी.

"हिशेब तहकूब सभेत मंजूर करू, सत्कार करू. खोली तहकूब सभेत देणार नाही. खोली सगळ्यांची आहे."

"अहो पण नियमात बसतं ना, नाना?"

"नियमात बसतं. मला पटत नाही."

दोनदा सभा बोलावली. एकदा कापसाच्या वेचणीत, एकदा लग्नसराईत. दोन्ही वेळा कोरम नाही आणि दोन्ही वेळा तुम्ही तो विषय बाजूला ठेवून उठलात. मी मात्र संतापले होते. वैशाख निम्मा सरला होता, मृग तोंडावर, आणि अध्यक्ष माणसं मोजत बसलेत! मी म्हटलं, "लोकांना पडलेली नाही हो, नाना. पालथ्या घड्यावर पाणी. ज्यांना यायचं नाही त्यांच्यासाठी आपण का जीव काढायचा?" तुम्ही म्हणालात, "त्यांना विचारलं कुठे कोणी? फळ्यावर नोटीस डकवली म्हणजे विचारलं असं होत नाही, बाई. विचारलं तर माणसं येतात." मी म्हटलं, "नाही येत." तुम्ही म्हणालात, "येतात." मी म्हटलं, "बघू." आपलं शेवटचं बोलणं ते. 'बघू.'

आणि तुम्ही निघालात की सायकल काढून! तिसऱ्या सभेची नोटीस खिशात, दुसऱ्या खिशात कांदा, डोक्याला ओला टॉवेल. आपल्याकडच्या उन्हाचं कौतुक मी बाहेरच्या माणसाला सांगेन, तुम्हाला काय सांगू? या दिवसांत आपल्याकडे कुत्रीसुद्धा गटारातून उठत नाहीत. अक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या म्हणे. "जायचंच असेल तर संध्याकाळी जा." तर नवऱ्याचं उत्तर काय? "संध्याकाळी माणसं बाहेर असतात. दुपारीच घरी सापडतात." वकिली डोकं! दार ठोठावलं की माणूस झोपेतून उठून डोळे चोळत बाहेर यायचा आणि समोर नाना वकील, घामाने निथळलेले. रोज थोडी थोडी घरं घेत होतात. शेवटच्या दिवशी आबांच्या खेड्यापर्यंत जाऊन आलात. आल्यावर म्हणालात डोकं जड झालंय, पडतो जरा. रात्रीच अंग भट्टीसारखं तापलं, जळगावला नेलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संपलंच सगळं.

मला रडू आलं नाही. राग आला. लोक देशापायी जातात, पोराबाळांपायी जातात. तुम्ही कोरमपायी गेलात. असं कोणी जातं का हो, नाना? कुणी विचारलं तर मी सांगू काय?

तिसऱ्या दिवशी लोक दारावर बसायला आले. रीतच आहे आपली, गेलेल्या माणसाच्या दारी येऊन घटकाभर बसायचं. तुमच्या अंगणात ताडपत्री टाकली होती, ती पुरेना. लोक रस्त्यापर्यंत बसले. खेड्यांवरून ट्रॅक्टर भरून आले. मी आत अक्कांजवळ होते. शेठजींनी मला ओट्यावर बोलावून घेतलं आणि हळूच म्हणाले, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. सभासद कितीतरी दिसतायत. कोरमच्या दुप्पट. आत्ताच विषय मांडला तर कोणी नाही म्हणणार नाही. नानांचीच इच्छा होती. पुन्हा इतकी माणसं कधी जमणार?"

शेठजी काही वाईट माणूस नाही, तुम्हालाही माहीत आहे. बोलताना त्यांचेही डोळे ओले होते. मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही. एवढं एक वाक्य वाचून दाखवायचं, हात वर करवून घ्यायचे, आणि सुटले मी. छप्पर झालं असतं, काळजी मिटली असती. मी अंगणाकडे पाहिलं. आबा पागोटं मांडीवर ठेवून खाली मान घालून बसले होते. म्हटलं, "शेठजी, ही माणसं रडायला आलीत. यांना मोजायचं नाही." शेठजी बिचारे ओशाळले. आतून अक्कांनी सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी म्हणाल्या, "सभा मात्र ठरल्या दिवशी घ्या. ज्याच्यासाठी उन्हात फिरले, तेवढं तरी होऊ द्या."

म्हणून काल गेले. किल्ली माझ्याकडेच आहे. चारला दार उघडलं, सतरंज्या मीच अंथरल्या, आता वय राहिलं नाही त्या झटकायचं. तुमच्या खुर्चीवर शेठजी बसेनात, म्हणून ती भिंतीला लावून ठेवली आणि ते खाली बसले. मनात म्हटलं, अर्धा तास तहकुबी, मग साडेपाचला जे येतील ते. उरकायचं आणि घरी जाऊन पडायचं.

तर पावणेपाचपासून माणसं यायला लागली, नाना.

शिक्षक आले, कापडवाले आले, दवाखाना बंद करून डॉक्टर आले. दुपारच्या बायकांपैकी ज्या सभासद झाल्यात त्या चौघी एकत्र आल्या आणि माझ्यामागे येऊन बसल्या. आबा धोतराला धूळ लागलेली, चालतच आलेले. "नानानी सांगं व्हतं, पाच म्हंजे पाच." जो येईल तो हेच सांगत होता, पाच म्हणजे पाच. पाचचे ठोके पडले तसं मी मोजलं. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं. मग शेठजींनी मोजलं. त्यांना आणि मला धरून चोवीस.

दाराकडे पाहत बसलो सगळे. कोणी येईना. कुणीतरी म्हणालं, कोपऱ्यावरच्या पानवाल्याला आत्ता सभासद करून घ्या. मी म्हटलं, नव्या सभासदाला यंदा मत नाही. तुमच्याच घटनेतलं कलम, दुसरं काय! तेवढ्यात आबा मागून म्हणाले, "नानाले धरी ल्या ना, बाई. नाना आठेच शे."

मग एकेक मान हलायला लागली. हो, नाना इथेच आहेत, नानांना धरा. नोटीस त्यांच्याच सहीची आहे. बोलावलं त्यांनीच. शेठजींनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "लिहा, बाई. पंचवीस लिहा. कोण विचारणार आहे?"

खरंच कोणी विचारलं नसतं. आणि मलाही किती लिहावंसं वाटलं म्हणून सांगू! इतिवृत्तात तुमचं नाव आणखी एकदा, शेवटचं, हजर म्हणून. पण नाना, न आलेल्या माणसाला आलेला धरायचं नाही म्हणूनच तर तुम्ही उन्हात गेलात. तुमच्यासाठीच ते मोडायचं? मी उभी राहिले. 'कोरम नाही' म्हणायचं होतं, शेठजी म्हणणार नव्हते, म्हणून अध्यक्षांच्या जागी आता मलाच म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "नाना नाहीत."

इतक्या दिवसांत हे शब्द मी उच्चारले नव्हते. दारावर नाही, अक्कांजवळ नाही. म्हटले आणि मटकन खाली बसले. मग जे रडू आलं ते काही केल्या आवरेना. मागच्या बायकांनी धरलं मला. पोक्त बाई मी, शाळेत मुलींना ओरडणारी, पुरुषांच्या भरल्या सभेत हुंदके देत होते. शेठजींनीच मग सांगितलं, सभा अर्धा तास तहकूब.

कोणी उठलं नाही. टीव्हीवर सिनेमा होता, बाहेर चहाची गाडी होती, तरी बठ्ठे तसेच बसून राहिले. मग आबांनी विचारलं, "बाई, हाऊ कोरम म्हंजे काय शे? नाना त्यानापायी मरी गया, मन्हाले मालूम पाह्यजे."

मी तोंड धुऊन आले आणि सांगितलं. तुम्ही सांगितलं होतं तसंच. इंग्लंडच्या राजाला न्यायाला माणसं नेमायची असली की हुकुमात सगळ्यांची नावं यायची आणि त्यातल्या मोजक्या जाणत्यांसाठी पुढे एक वाक्य यायचं: ज्यांच्यापैकी तुम्ही, अमुक अमुक, एक असावं अशी आमची इच्छा आहे. म्हणजे त्या माणसांवाचून कामाला हात लावायचा नाही. लॅटिनमध्ये ते वाक्य 'क्वोरुम'ने सुरू व्हायचं. कालांतराने बाकीचं सगळं गळून गेलं, माणसांची नावं गेली, इच्छा गेली, आणि पहिला शब्द तेवढा उरला. तोही लोक आकडा समजतात.

आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "मन्हाकडे उना तव्हय नाना हाईच बोलना. 'आबा, तू पाह्यजे.'"

त्यावर डॉक्टर म्हणाले, मलाही असंच म्हणाले. कापडवाले म्हणाले, मलाही. त्या चौघींतली एक हळूच म्हणाली, आमच्या घरी येऊन त्यांनी सासऱ्यांसमोर माझं नाव घेऊन सांगितलं, तुमच्या सूनबाई पाहिजेत. प्रत्येकाला तुम्ही वेगळं काही सांगितलं असेल असं मला वाटत होतं. एकच सांगत फिरलात सगळीकडे.

साडेपाचला सभा पुन्हा सुरू झाली. विषय मी वाचला. चर्चा झाली, चांगली भांडाभांडी झाली. बायकांच्या दोन तासांसाठी मागची खोली द्यायची हे त्या चौघींनी ठरावात घालूनच घेतलं, मी तोंडही उघडलं नव्हतं. मग हात वर झाले, सगळे. कंत्राटदार बुधवारी पत्रे उतरवायला येतोय. मृगाच्या आत निम्मं तरी होईल म्हणतो.

तेव्हा ठराव झाला, नाना, आणि तहकूब सभेतच झाला, मी म्हणत होते तस्सा. शेठजी जाताना म्हणाले, शेवटी बाईंचंच खरं झालं. मी हो म्हटलं नाही. दाराला कुलूप लावलं आणि पायरीवर बसून राहिले थोडा वेळ, चालवेना.

विचारलं तर माणसं येतात, असं तुम्ही म्हणाला होतात. मी 'बघू' म्हटलं होतं.

बघितलं, नाना. आली.